आयेवर पहारा

"आये, तिच्या आईशी नीट बोल. आणि 'काथोडीण' हा शब्द आज तोंडातून काढायचा नाही."

"सकाळपास्न किती येळा सांगशील?" रखमी शेणाने भरलेले हात धुत म्हणाली. "मी काय माणसं आज पहिल्यांदा बघते काय?"

देवानंदचं तेवढ्याने समाधान झालं नाही. सकाळपासून तो आईच्या मागे मागे फिरत होता. पडवी सारवताना मागे, चुलीपाशी मागे, शेजारून प्लास्टिकच्या खुर्च्या मागून आणल्या तेव्हाही मागेच. पोलीस परवडला, असा पहारा. घरात दोघंच माणसं, आणि त्यातल्या एकाला दुसऱ्याचा भरवसा नाही.

भरवसा वाटावा असं रखमी आजवर वागलीही नव्हती म्हणा. कोकणा जमातीतला आपला पोरगा कातकरी, म्हणजे पाड्याच्या भाषेत काथोडी, पोरगी करायची म्हणतो हे कळलं, तेव्हा तिने चूल पेटवली नव्हती. पाड्यावरच्या बायका समजूत घालायच्या निमित्ताने येऊन आगीत तेल ओतून जात होत्या. म्हणे, त्यांची वाडी ओहोळापलीकडे असते ती काय उगाच? देवानंद सगळ्यांशी भांडला. आपण सगळे डोंगरातलेच, शहरात गेलो की सगळ्यांना एकच शिवी मिळते, आणि इथं आपण पुन्हा एकमेकांना खाली-वर लावतो, असं तो म्हणायचा. बोलायला तो हुशारच. जव्हारला एसटी स्टँडजवळ त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं, आणि तिथं येणाऱ्या प्रत्येकाला फॉर्मबरोबर थोडं भाषण फुकट मिळायचं.

वर्षा त्याच्या दुकानासमोरच्या मेडिकलमध्ये कामाला होती. दोघं एका डब्यात जेवत, एका बाटलीतून पाणी पीत. भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा मालकाने आधी तिचं आडनाव विचारलं आणि मग खोली कालच गेल्याचं सांगितलं. तेव्हा देवानंद रस्त्यात उभा राहून त्या मालकाला वाट्टेल ते बोलला होता. वर्षाला त्या दिवशी तो फार आवडला.

तरी तिने एक अट घातली होती. "लग्न नाही झालं तरी चालेल, पण तुझ्या दारात माझ्या आईचा अपमान झाला तर मी परत तोंड दाखवणार नाही. ती आयुष्यभर लोकांच्या अंगणातच बसली आहे."

"आयेकडे मी बघतो," देवानंद म्हणाला होता. म्हणून हा पहारा.

आणि रखमी बदलली होती, ते खरंच. काय झालं कुणास ठाऊक. एकुलत्या एका पोराने घरात जेवणं सोडल्यावर आईचं जे होतं ते झालं असेल. एके दिवशी ती आपणहून म्हणाली, "आण तिला. आईसला पन घेऊन ये म्हनावं. लग्नाचं आम्ही दोघी बसून बोलू."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्या दोघी फाट्यावरून चालत येताना दिसल्या. वर्षाने नवी साडी नेसली होती आणि ती तिला सारखी आवरावी लागत होती. तिची आई कोंडी पुढे होती. नीट विंचरलेले केस, काटकुळे पाय, हातात करवंदांची पाटी.

"आल्या," देवानंद ओरडला. "आये, बाहेर ये."

"आले. तू आधी पानी दे त्यांना," आतून रखमी म्हणाली.

त्याने धावत जाऊन हंड्यातून तांब्या भरला. तो बाहेर आला तोवर कोंडी अंगणात पोचली होती. पडवीवर खुर्च्या मांडलेल्या होत्या, पण ती पायरीपाशीच थांबली, करवंदांची पाटी खाली ठेवली आणि उकिडवी बसली. तांब्या दिसताच तिने ओंजळ तोंडाशी धरली.

लहानपणी भाताच्या आवणीला कातकरी मजूर आले की त्यांना पाणी द्यायचं काम देवानंदचंच असे. आई बजावून सांगायची, वरून ओत, तांब्या टेकवू नको. ते तो केव्हाच विसरला होता. निदान त्याला तसं वाटत होतं.

त्याने वरून धार धरली.

कोंडी पोटभर प्यायली. पाणी तिच्या कोपरांवरून मातीत गळत होतं. देवानंद तांब्या तिच्या हातापासून वीतभर लांब धरून उभा होता आणि त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं, की आये आता बाहेर येऊन काय बोलते कुणास ठाऊक.

रखमी बाहेर आली. ताटात पाण्याचे ग्लास आणि गूळ. "विहीणबाई, खाली काय बसल्या? वर या, खुर्चीत बसा," असं म्हणताना तिने मुलाकडे पाहिलं, मग कोंडीच्या ओल्या हातांकडे. ताट हातातच राहिलं.

"अरे, काय केलंस हे?" ती हळूच म्हणाली.

तेव्हा कुठे देवानंदने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. शरमेने त्याला वर बघवेना. त्या खोलीमालकाला तो काय काय बोलला होता ते सगळं त्याला एकदम आठवलं.

"ऱ्हाऊ दे बाय," कोंडी घाईघाईने रखमीला म्हणाली. पदराने तोंड पुसत ती हसलीसुद्धा. "आमाला असंच बरं वाटतं. पोराचा काय दोष नाय. पानी गार हाय."

ती त्याची बाजू घेत होती, आणि ते त्याला सोसवत नव्हतं.

वर्षाने चपला काढल्या. पडवीवर न चढता ती आईशेजारी खाली बसली, नव्या साडीसकट, मातीत. मग तिने आईसारखीच दोन्ही हातांची ओंजळ करून त्याच्यापुढे धरली.

"वर्षा, अगं, माझ्याकडून चुकून..."

"घाल पाणी," ती म्हणाली. "तुझ्या हाताला सवय आहे."