संकटातून

“प्रत्यय गिळू नकोस गं, अर्थ तिथंच असतो,” बायबल वाचायला शिकवताना मार्थाबाईंची आई म्हणायची.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब फळ्यावर जगाच्या अंताआधीच्या महासंकटाची सात वर्षं आखत होते. “खऱ्या विश्वासणाऱ्यांना झळही लागणार नाही. देव त्यांना संकटाआधीच वर उचलून नेईल!”

मार्थाबाई उठल्या. “साहेब, बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, देवापुढं उभे असलेले शुभ्र झगेवाले संकटा‘तून’ आलेत. तुमचं ‘आधी’ कुठल्या पानावर आहे?”

“बसा, मार्थाबाई. शंका काढणं हाही अविश्वासच.”

“तीन वर्षं गप्पच बसले! माझी लेक सुवार्ता कॅन्सरनं तळमळली, तरी शेवटपर्यंत देवाची गाणी गात होती. तिच्या मातीला तुम्ही म्हणालात, पोरीचा विश्वास कमी पडला. सहा महिने ती तुमच्या प्रार्थनेला आसुसली होती, साहेब. तुम्ही एकदाही आमचा उंबरा चढला नाहीत!”