पुढची सीट

अय्याजचे सुजलेले डोळे पाहून गोरेगावच्या स्टँडवर ड्रायव्हर दगडोबानं जीपमधलं गाणं बंद केलं, पुढची माणसं मागं कोंबली आणि त्याला शेजारी बसवून घेतलं.

"कोण गेलं रे?"

"आपली टीम. आशिया कपातून बाहेर पडली."

"क्रिकेटची?"

"न्हाई, फुटबॉलची."

"हात्तिच्या! फुटबॉलसाठी रडून राहिला व्हय? उतर, मागं लटक!" दगडोबानं गाणं पुन्हा लावलं.

अय्याज लटकला न्हाई. रागारागानं उतरून तो दुसऱ्या जीपची वाट पाहत राहिला. ती आली. तिच्या ड्रायव्हरनंही आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं, भाऊ?"

"चच्चा," अय्याज म्हणाला, आणि सेनगावपर्यंत पुढच्या सीटवर बसून त्या अकरा जणांसाठी मनसोक्त रडला.