आईला दिलेला शब्द

सरूबाईच्या दहाव्याला डिंभ्याच्या घाटावर पिंड ठेवून तास उलटला, तरी कावळा शिवेना. साखरेच्या आजारानं पाय गेल्यापासून म्हातारीचं गोड तोडलं होतं, म्हणून सुनेनं पिंडाशेजारी जिलेबीही ठेवून पाहिली. कावळे बाभळीवर बसून नुसते बघत राहिले.

"तुमच्यात जीव अडकलाय त्यांचा," सून नवऱ्याला, भिमाजीला म्हणाली.

साखर भिमाजीलाही निघाली होती. डॉक्टरनं भात-भाकरी बंद करून अंडी, मासे नि पालेभाजीवर राहायला सांगितलेलं. चार दिवस तो नेटानं राहायचा, की कुठलं तरी लग्न नाहीतर जत्रा आडवी यायची. मग आई अंथरुणातून कळवळायची आणि हा तिचा हात धरून उद्याचा वायदा करायचा.

भिमाजीनं डोळे पुसून पिंडासमोर हात जोडले. "आई, उद्यापासून भाताला नि गोडाला तोंड लावणार नाय बघ."

एकही कावळा हलला नाही. मागं मंडपात दहाव्याची पंगत बसत होती, बुंदीचा वास घाटापर्यंत येत होता. भिमाजीनं एकदा तिकडं पाहिलं आणि मान खाली घातली.


"आजपासून," तो हळूच म्हणाला, आणि कावळा पिंडावर झेपावला.