काकांचा गुण्या

"मोबाइलवर हाच निम्म्या किमतीत आहे, काका," तरुण म्हणाला.

"मग मोबाइलवर रेघ मारून दाखव," काकांनी सुनावलं आणि काउंटरवरचा गुण्या उचलला.

गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन. तो केसभर चुकला की पुढचं सगळं काम तिरकं. मागचा ऑनलाइन मागवला होता, फोटोत अगदी देखणा. आल्या दिवशीच काका म्हणाले होते, हा वाकडा आहे. "असू द्या, चालवून घ्या," असं उत्तर मिळालं. त्याच गुण्यावर काकांनी शाळेसाठी वीस स्टुलं केली आणि वीसच्या वीस डुगडुगली. गुण्याला कोणी काही बोललं नाही. "म्हाताऱ्याचा हात गेला," हे मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. आता एक जरी स्टूल डुगडुगलं तर सुतारकाम बंद, काकांनी बागेला पाणी घालत बसायचं, असं ठरलं होतं.

काकांना हे फार लागलं. स्वतः दुकानात जाऊन पारखून घेईन, नाहीतर हत्याराला हात लावणार नाही, म्हणून ते तीन महिने अडून बसले. तेव्हा कुठे आज त्यांना इथे आणलं होतं.

"फळीचा तुकडा द्या. पेन्सिल द्या," काका दुकानदाराला म्हणाले.

फळीच्या कडेला गुण्या टेकवून त्यांनी रेघ मारली. मग तो उलटा करून त्याच जागी दुसरी मारली. वरच्या टोकाला दोन रेघांमध्ये फट पडली.

"कंपनीचा माल आहे हो," दुकानदार कुरकुरला.

"कंपनीला कळवा, काकांनी नापास केला. दुसरा काढा."

दुसराही गेला. तिसऱ्याची दुसरी रेघ पहिलीवर अशी बसली की एकच दिसावी. काकांनी फळी उजेडाकडे धरली. त्यांचे डोळे भरून आले.

"बघ," ते तरुणाला म्हणाले, "हात गेला म्हणे!"

दुकानदारही खूश झाला. त्याने कौतुकाने लाकूड कोरायची एक नवी पटाशी पुढे केली. "धार तर बघा."

काकांचा हात पोहोचायच्या आत तरुण मध्ये आला. "ते राहू द्या, काका."

काकांनी सवयीने कानामागे खोचलेली पेन्सिलही त्याने काढली आणि दुकानदाराला परत दिली.

"मुलगा फार जपतो तुम्हाला," दुकानदार हसला.

"डोळ्यात तेल घालून," काका म्हणाले.

"पत्ता लिहून ठेवा. पुढच्या वेळी घरपोच पाठवतो."

"नको," तरुण घाईने म्हणाला. त्याने पैसे दिले आणि काकांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं.

गाडी दुकानामागच्या गल्लीत उभी होती. तरुणाने मागचं दार उघडून घड्याळ पाहिलं.

"उद्यापासून पुन्हा वीस करतो," काका म्हणाले. "एक जरी डुगडुगलं तर खुशाल बागेत धाडा. पण डुगडुगणार नाही."

"बरं. हात, काका."

"थांब. आधी हा धर. टोकाला धक्का लागता कामा नये."

तरुणाने गुण्या दोन्ही हातांनी घेतला आणि जपून सीटवर ठेवला. मग काकांनी मनगटं पुढे केली आणि त्याने खिशातून बेड्या काढल्या.