ड्रायव्हरशेजारी कोण?

तेरा हजार किलोमीटर, पंधरा तास. बाबांच्या ट्रकला अठरा दिवस आणि दोन टायर लागले असते, शिवाय मध्ये समुद्र. विमानात बसताच त्यांनी हवाईसुंदरीला विचारलं, "ड्रायव्हरशी बोलत कोण बसतं?" "कुणीच नाही, काका." झालं! एकदा बाबांचा क्लीनर शेजारी झोपला, मग त्यांचाही डोळा लागला. झाडाची खूण अजून कपाळावर आहे. दहा तास बाबा टक्क जागे, स्वतःचा चहा ड्रायव्हरला पाठवत. "अहो, झोपा. उतरल्यावर नातीला उचलायचंय, हात थरथरतील," आई म्हणाली. "आधी उतरू तर दे." सातवा चहा पुढं गेला आणि स्पीकर खरखरला, "छत्तीस नंबरचे काका, आम्ही चौघं आहोत. दोघं चालवतो, दोघं झोपतो. आता झोपायची पाळी तुमची." बाबांनी विचार केला, सीट मागं केली आणि आईला बजावलं, "घाट लागला की उठव."