सावलीबाहेर

नायब तहसीलदार मोहाच्या झाडांच्या सावलीत उभे राहिले आणि त्यांनी गावाला आत बोलावलं. कुणीच हललं नाही.

फेब्रुवारीचं ऊन डोक्यावर आलं होतं. पानगळ लागली होती, तरी एवढ्या जुन्या झाडांखाली गारवा होता. सारं गाव त्या गारव्याच्या कडेला, डोक्यावर पदर नि गमछे घेऊन उन्हात उभं.

नीलाबाई सगळ्यांच्या पुढे होती. समोरचा मोह तिच्या घराचा. तिच्या सासूनंही याचीच फुलं वेचली होती. आता या अख्ख्या माळावर सोलरच्या प्लेटा बसणार होत्या. पौषात मोजणीवाले आले तेव्हा इथं चिटपाखरू नव्हतं, म्हणून त्यांनी जागा रिकामी ठरवली. आज साहेब स्वतः पाहायला आले, तर आजही नुसता पाचोळा. बायका कालच म्हणाल्या होत्या, आपापल्या झाडाखाली झाडून घेऊ, कुणाचं काय ते साहेबाला दिसेल तरी. गावदेवाची पूजा करणारा पत्रू भुमक नको म्हणाला. पूजेआधी मोहाखाली पाय ठेवायचा नाही. मग नीलाबाईनंच खराटा परत कोपऱ्यात ठेवला. ठेवला खरा, पण नेम पाळला नि झाड गेलं, तर आपण देवाला तोंड दाखवायचं, की देवानं आपल्याला?

सोलर कंपनीचा माणूस साहेबांशेजारी येऊन उभा राहिला. "पाहा सर. वापर असता तर काही खूण असती. आणि बाई, तुमच्या घरावर तर सोलरचा दिवा आहे म्हणे?"

"हाये ना," नीलाबाई म्हणाली. "उजेड मले बी लागते. पण तो घरावर बसला, मोहाले हटवून नाई."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी पुन्हा सगळ्यांना आत बोलावलं, या वेळी नरमाईनं. एका बाईच्या कडेवरचं पोर सावलीकडे झेपावलं, तर तिनं त्याला मागे ओढून घेतलं. साहेब ते पाहत राहिले.

"का येत नाही तुम्ही?"

"पूजा नाई झाली साहेब," नीलाबाई म्हणाली. "फुलाआधी पूजा होते, मंग आमचा पाय पडते. तोवर हे देवाचं."

साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. मग हळूच मागे सरत ते उन्हात आले आणि गावाच्या शेजारी उभे राहिले. सावलीत कंपनीचा माणूस एकटाच उरला.

"दुसरी जागा पाहा," साहेब त्याला म्हणाले. "ही रिकामी नाही, असं मी लिहीन. आणि ग्रामसभेला विचारल्याशिवाय इथं एकही खुंटी ठोकायची नाही."

तोही मग पाय उचलत बाहेर आला. पत्रू भुमकानं डोळे मिटून हात जोडले.

जीपकडे जाता जाता साहेबांनी विचारलं, पूजा कधी?

"मंगळवारी," नीलाबाई म्हणाली. "या जी. मंग सावलीत बसू."