नववी 'ब'चा रोजचा प्रश्न

बोंबील उन्हाने सुकतो की वाऱ्याने?

दोन बदाम, एक अंगठा, हसून लोळणारा एक पिवळा चेहरा.

पहिल्या बाकावर एक मुलगी. आवाज नाही.

वाडीतली केळी, वाडीचे मालक, मालकांचा पांढरा सदरा, सदऱ्याच्या खिशात घडी घातलेला तक्रारअर्ज.

शनिवारी, शाळा सुटल्यावर, सभा.

हे सगळं एकाच शाळेतलं. संजना टीचर तुळिंजहून दोन बस बदलून अर्नाळ्याला विज्ञान शिकवायला येत. जूनमध्ये त्यांनी वर्गासाठी इन्स्टाग्रामवर एक पान उघडलं. बाहेरच्याला दिसणार नाही असं. रोज संध्याकाळी एक प्रश्न टाकायचा, मुलांनी खाली उत्तरं लिहायची. पुस्तकातली ओळ जशीच्या तशी लिहिली तर बदाम नाही, एवढाच नियम.

"काय टीचर, आज किती बदाम?" गणिताचे इग्नेशियस सर रोज विचारत. "आमच्या वेळी छड्या मोजायचो."

संजना हसून सोडून देई. तिचा जीव अडकला होता एका मुलीत. कृतिका. वर्गात नाव पुकारलं तरी हजेरीपुरता हात वर. तोंडातून शब्द काढायला गळ टाकावा लागेल, अशी. आणि पानावर हीच कृतिका लिहायची:

'बोंबील वाऱ्यानं सुकतो. ऊन नसलं तरी चालतं, वारा पडला तर माल कुजला. वारा वरचं पानी घेऊन जातो, मग आतलं पानी वर येतं.'

बाष्पीभवनाचा अख्खा धडा तीन वाक्यांत! संजनाने ते वर्गात वाचून दाखवलं. कृतिकाने मान इतकी खाली घातली की वेणी बाकावर टेकली.

एकदा तर कृतिका वर्गात, संजनाच्या डोळ्यांसमोर, वही उघडून बसलेली असताना तिचं उत्तर पानावर येऊन पडलं. संजनाला नवल वाटलं नाही. इथली रेंज भरतीसारखी. येते तेव्हा मागचं सगळं एकदम घेऊन येते.

आणि आता ते पान बंद होणार होतं. केळीच्या वाडीचे मालक दिनानाथ संस्थेचे अध्यक्ष होते; पोरं फोनला चिकटतात, असा अर्ज त्यांच्याकडे कुणीतरी दिला होता. पान गेलं की कृतिका पुन्हा मुकी होणार, हे संजनाला दिसत होतं. सभेची आदली रात्र तिने कूस बदलत काढली.

सभेला अध्यक्षांनी कृतिकाला आईसकट बोलावलं होतं. आई, शांता, मासळीबाजारातून थेट आली होती. टोपली तिने दाराबाहेर ठेवली आणि खुर्ची असून उभीच राहिली.

"ही उत्तरं मी वाचली," दिनानाथ म्हणाले. "नववीची पोर असं लिहिते? गूगलवरून उचललेलं दिसतंय."

"गूगल 'पानी' लिहीत नाही, सर," संजना म्हणाली.

इग्नेशियस सरांना ठसका लागला. दिनानाथ शांताकडे वळले. "मुलगी फोनवर किती वेळ असते?"

"पोर? अजिबात नाय, शेट."

सगळे हसले. "सगळ्या आया हेच सांगतात," दिनानाथ म्हणाले. "मग उत्तरं काय बोंबील लिहितात?"

शांताने पदर तोंडाला लावला. कृतिका तिच्याकडे बघत होती. धीर शोधतेय बिचारी, असं संजनाला वाटलं.

"बरं, तूच सांग," अध्यक्ष कृतिकाला म्हणाले. "मीठ लावलेला मासा का टिकतो?"

संजनाच्या मनात आलं, झालं. आता ही मान खाली घालणार.

कृतिकाने मान खाली घातली नाही. ती अध्यक्षांकडे न बघता आईकडे तोंड करून, सावकाश बोलू लागली. "मीठ माशातलं पाणी बाहेर ओढतं. कुजवणारे जंतू असतात ना, त्यांना जगायला पाणी लागतं. पाणी गेलं की ते वाढत नाहीत. म्हणून मासा टिकतो." आणि क्षणभर थांबून, "कळलं?"

खोलीत हशा पिकला. कृतिकाने जीभ चावली.

"कळलं गं बाई, कळलं!" दिनानाथही हसले. त्यांनी अर्ज पुन्हा खिशात घातला. "चालू द्या तुमचं पान, टीचर. पण लक्ष ठेवा."

बाहेर आल्यावर संजनाचे डोळे भरून आले. शांताने तिचे दोन्ही हात धरले. हातांना खारा वास होता.

"उपकार झाले टीचर. बंद केलं असतं तर काय केलं असतं? संध्याकाळ कधी होते नि प्रश्न कधी येतो, असं होतं."

"इतकी वाट बघते ती?"

"घरात सगळ्यांनाच सवय झालीय आता." शांता हसली. "कोन विचारतं हो आम्हाला असे प्रश्न!"

"आभार मीच मानायला हवेत," संजना म्हणाली. "तुम्ही तिला लिहू दिलंत. आज ती बोलली, ते त्यामुळेच."

शांता काहीतरी सांगणार होती. तिने लेकीकडे पाहिलं, लेकीने तिच्याकडे. मग शांताने टोपली उचलली. "येते टीचर. बर्फ वितळतोय."

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. संजनाने नवा प्रश्न टाकला: बर्फात थोडं मीठ घातलं तर काय होतं? खाली एक ओळ जोडली, 'कृतिका, आज छान बोललीस. तुझ्यामुळे हे पान राहिलं.'

आगाशीचा थांबा यायच्या आत कृतिकाच्या नावाने उत्तर आलं.

'थँक्यू टीचर. हे मना माहीत नाय. उद्या करून बघते नि सांगते.'

संजनाने त्यावर बदाम टाकला आणि फोन छातीशी धरून ती कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

जूनमध्ये, शाळा उघडली त्याच आठवड्यात, शांताने लेकीचा फोन काढून घेतला होता, आणि कृतिकाने तिला त्यावर मराठी लिहायला शिकवलं होतं.